टँटलस, व्हाया लातूर

शनिवार सकाळ, हातात चहा आणि डोक्यात ग्रीक पुराणातला टँटलस. बिचारा हनुवटीपर्यंत पाण्यात उभा. प्यायला वाकला की पाणी गायब, सरळ झाला की पुन्हा वर. इनफायनाइट लूप, एक्झिट कंडिशनच नाही!

मी लातूरचा, त्यामुळे हा गडी मला कधी परका वाटला नाही. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं. मार्चमध्ये शहरातल्या पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला 10 वाघिणी, 5 लाख लिटर.

शेजारचं नांदेड तर गोदावरीच्या काठावर. पण धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानुसार 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. खाली तेलंगणाचाही हक्क आहे, मान्य. पण ऐन पावसाळ्यात डोळ्यांसमोरून पाणी जाताना बघायचं म्हणजे... टँटलसच की!

इथे नशिबाला बोल लावून मोकळं होता येतं. पण टँटलसला शिक्षा कशाची झाली? त्याने पोटच्या पोराला, पेलॉप्सला, कापून देवांच्या पंक्तीत वाढलं होतं.

आता आमचा ऊस आठवा. दर काही वर्षांनी दुष्काळ पडणाऱ्या खोऱ्यात वर्षभर पाणी पिणारं पीक. धरण आटलं की बोअर पाडायचा. तीनशे फूट, सहाशे फूट... लागलं तर पाणी, नाहीतर नुसता फुफाटा. इतक्या खोलवर पाणी मुरायला वर्षानुवर्षं लागतात. ते आपल्या पोरांच्या वाट्याचं होतं. वाढलंच ना आपण पंक्तीत? आणि माझ्या इंजिनिअरिंगची फी उसाच्या बिलातून गेलीय, म्हणजे मीही जेवणाऱ्यांतलाच.

फरक एवढाच की आपल्याला एक्झिट मिळते. त्याच 2016 साली परतीच्या पावसात मांजरा भरलं. मग आम्ही काय केलं? पुन्हा ऊस लावला!

बाबांना हे बोललो तर म्हणाले, "तुझा पगार एक तारखेला येतो, म्हणून सुचतंय तुला." खरंय. उसाची एफआरपी कारखान्याला कायद्याने द्यावी लागते; तूर-सोयाबीनचा हमीभाव जाहीर होतो, पण बाजारात मिळेलच याची खात्री नाही. म्हणून नुसतं शेतकऱ्याला शहाणपण शिकवू नका. तुरीलाही उसासारखी भावाची हमी द्या, मग बघा किती जण ऊस सोडतात ते.

टँटलसचा लूप देवांनी लिहिला होता. आपला आपणच लिहिलाय, म्हणजे बदलताही येईल. असो, चहा गार झाला.