वरचा नंबर कशाचा?

निकालाचे दिवस आले की पांढुर्णा-सौंसर भागातील आईबाप आम्हांस एकच प्रश्न विचारतात : "फादर, कोणते विद्यापीठ वरच्या नंबरचे?" पदवीनंतर संशोधनाकडे वळू इच्छिणारी मुलेमुली आता आपल्याही घरांतून निघू लागली आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु हा नंबर कशाचा, याची चौकशी फारसे कोणी करीत नाही.

क्यूएस नावाची जागतिक यादी घ्या. तीत पूर्वी शंभरापैकी ४० गुण केवळ प्राध्यापकांच्या मतावर दिले जात. २०२४ च्या यादीपासून ते ३० झाले. पण नोकरी देणाऱ्यांच्या मताचे १५ गुण त्यांत मिळवावे लागतात. म्हणजे जवळजवळ अर्धी क्रमवारी कीर्तीवर उभी! दूरदेशीच्या प्राध्यापकास आठवते ते जुने नाव. तो तेच कळवितो, ते नाव वर चढते, आणि पुढील वर्षी ती यादी पाहिलेला दुसरा प्राध्यापक पुन्हा तेच कळवितो. २००३ पासून निघणाऱ्या शांघाय यादीत मते विचारीत नाहीत. तथापि तेथे ३० गुण माजी विद्यार्थ्यांच्या व अध्यापकांच्या नोबेलसारख्या पारितोषिकांना आहेत. त्यामुळे महायुद्धानंतर बर्लिनमध्ये दोन विद्यापीठे झाल्यावर, आइन्स्टाइनच्या काळातील पारितोषिके कोणाच्या पदरात घालावीत, असा वाद उपस्थित झाला. आज तेथे प्रयोगशाळेत राबणाऱ्या माणसाचा त्याच्याशी काय संबंध, हे देव जाणे. आपल्या सरकारच्या २०१६ पासूनच्या यादीत लोकमताला दहाच गुण आहेत, हे त्या मानाने बरे.

ऑगस्टिनियन संघाचे फादर ग्रेगोर मेंडेल यांनी मठाच्या बागेत वाटाण्यावर प्रयोग केले. अध्यापकाची परीक्षा त्यांस उत्तीर्ण होता आली नव्हती. त्यांचा निबंध १८६६ साली ब्रुन्न येथील एका स्थानिक मंडळाच्या अंकात छापला गेला आणि १९०० पर्यंत त्याचे मोल जगाला उमगले नाही. तो अंक व्हिएन्नाच्या नावाने निघाला असता, तर? नाझरेथविषयी नाथानाएलास जी शंका आली, ती विद्वानांनाही येते.

याचा अर्थ जुने ते पोकळ, असा मुळीच नव्हे. मुंबई १८५७ चे, नागपूर १९२३ चे, सागर १९४६ चे. इतक्या वर्षांत ग्रंथालये भरतात, शिष्यपरंपरा उभी राहते. २०१९ मध्ये छिंदवाड्यास झालेले आपले विद्यापीठ केवळ नवे म्हणून चांगले ठरत नाही. पण केवळ नवे म्हणून त्यास खालचे ठरविणेही अन्यायाचेच. पुण्याची आयसर ही विज्ञानसंस्था २००६ ची आहे, आणि संशोधकांत तिचा मान मोठा आहे.

आमच्याकडे संत्र्याचा बहार घेणारा व्यापारी बागेचे नाव ऐकून पैसे मोजीत नाही. ओळीओळीतून हिंडतो, फळ हाती घेऊन पाहतो. मुलांनीही तसेच करावे. विद्यापीठ दूर राहो, आधी विभाग पाहावा, मार्गदर्शक पाहावा. त्याने गेल्या पाच वर्षांत काय लिहिले? त्याच्या विद्यार्थ्यांस किती वर्षे लागली? 'शोधगंगा' या संकेतस्थळावर देशभरच्या विद्यापीठांतील पीएच.डी.चे प्रबंध विनामूल्य वाचावयास मिळतात. सौंसरच्या मुलीने अर्ज भरण्यापूर्वी घरी बसूनच त्यांतील दोन-तीन वाचून काढावेत. सगळे समजले नाही तरी चालेल, कोणत्या प्रबंधात मेहनत आहे आणि कोणता नुसता जोडलेला आहे, इतके तिला खचित कळेल.