एक वाटी खळ, चार मुलं

जूनची रडारड ओसरून मुलं रुळली की बालवाडीत घोटीव कागद निघतो. ताई आदल्या रात्री जागून चाळीस जणांसाठी चौकोन, त्रिकोण, गोल कापून ठेवतात. प्रत्येकाच्या पुढ्यात सारखाच संच येतो आणि तासाभरात चाळीस एकसारखी घरं भिंतीवर लागतात. पालक खूश होतात. पण ताईंच्या एवढ्या कष्टांनंतर मुलांच्या वाट्याला उरतं ते फक्त चिकटवणं.

या वेळी थोडा बदल करून पाहा. चार मुलांचा गट, मधे खळीची एकच वाटी. एकाकडे सगळे त्रिकोण, दुसरीकडे चौकोन, तिसऱ्याकडे गोल, चौथीकडे आयत. घर मात्र प्रत्येकाला करायचंय. आता छप्पर हवं तर त्रिकोणवाल्याकडे जावंच लागतं. 'ते दे' म्हटलं की तो विचारतो, 'ते म्हंजे कुठलं?' आकाराचं नाव तोंडात बसतं ते अशा वेळी.

परवा एका वर्गात चौकोन टोकावर उभा राहिला, तर मुलगी म्हणाली, "ही शंकरपाळी!" शेजारच्यानं कागद फिरवून सपाट ठेवला, "बघ, चौकोनच आहे." दोघं कितीतरी वेळ तो फिरवत बसली. ताई मधे बोलल्या नाहीत, याचं मला फार कौतुक वाटलं. त्रिकोणही नेहमी सारख्या बाजूंचे, सपाट बुडाचे नकोत. लांबुडके, तिरके, अणकुचीदार कापा. नाहीतर पुढे तसा त्रिकोण दिसला की मूल त्याला त्रिकोण म्हणायलाच तयार होत नाही.

मुलांना आपले आकार द्यायला लावायची घाई मात्र करू नका. एखादं चार वर्षांचं मूल सगळे गोल मुठीत धरून बसेल. 'शहाणा ना तू, दे बघू' म्हणत मूठ सोडवली तर ते हिसकावणंच झालं. त्यालाही दारासाठी आयत लागणार आहे, तोवर थांबा.

घोटीव कागद नसेल तर जुन्या लग्नपत्रिका चालतील. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा आसपास सहज मिळणाऱ्या वस्तूंचीच साधनं केली होती.

आणि नोंदी पाठवा. तयार घरांचे फोटो नकोत. कुणी कुणाकडे काय मागितलं, कोण नाही म्हणालं, मग काय झालं, हे मुलांच्याच शब्दांत लिहा. पुढच्या अंकात त्यासाठी चार पानं राखून ठेवली आहेत.