पायपेटी आणि कोल्डप्ले

बँड म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे अजूनही लाल डगले घातलेली, क्लॅरिओनेट फुंकणारी वरातीतली मंडळीच येतात. आमच्या तात्यापाऱ्याच्या रस्त्यावरून लग्नसराईत अशा किती वराती गेल्या असतील, त्याचा हिशेब नाही. त्यामुळे २०१६ च्या ऑक्टोबरात आमची धाकटी म्हणाली, ‘‘आई, मला मुंबईला बँड ऐकायला जायचंय,’’ तेव्हा मला आधी हसूच आले. बँड ऐकायला कोणी अठरा-वीस तासांचा प्रवास करून मुंबईला जाते का? बँड तर बिनबोलावता दारात येतो!

पण तिचा बँड तो नव्हता. तिचा बँड होता कोल्डप्ले.

ज्यांच्या घरात वीस-पंचविशीचे कोणी नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकणाऱ्या चार पोरांनी नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस हा संच जमवला. ख्रिस मार्टिन गातो आणि पियानो वाजवतो. जॉनी बकलंडकडे गिटार, गाय बेरीमनकडे बेस गिटार आणि विल चँपियनकडे ड्रम. २००० साली ‘यलो’ नावाचे त्यांचे गाणे गाजले आणि तेव्हापासून जगभर त्यांच्या कार्यक्रमांना मैदाने पुरत नाहीत. गंमत अशी, की जितके लोक त्यांच्यावर जीव टाकतात तितकेच त्यांच्या नावाने नाक मुरडतात. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या समीक्षकाने २००५ सालीच त्यांना दशकातला सर्वांत असह्य बँड ठरवून टाकले होते. इंग्लंडात ग्लास्टनबरीचा मोठा संगीत महोत्सव भरतो. तिथे २०२४ साली मुख्य कलाकाराचा मान त्यांना पाचव्यांदा मिळाला. इतक्या वेळा तो दुसऱ्या कोणालाच मिळालेला नाही. ‘परत हेच का?’ म्हणणारे तेव्हाही होतेच.

आमच्या घरात नाक मुरडण्याचे काम माझ्याकडे होते. मी नागपूरची. लहानपणी गाणे शिकले, विशारदपर्यंत गेले, लग्न होऊन १९७८ साली रायपूरला आले. आमच्या ‘ह्यां’ना नाट्यसंगीताचे वेड. घरात त्यांच्या वडिलांची जुनी पायपेटी. पायांनी भाता हलवायचा आणि दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात गणपतीत कोणी नाट्यपद म्हणणार असले, की साथीला हे ठरलेले. अशा घरातल्या मुलीने कोल्डप्ले ऐकावा, हे मला शिक्षण वाया गेल्यासारखे वाटे. ती खोलीत लावून बसायची आणि मी स्वयंपाकघरातून ओरडायची, ‘‘अगं, तेच ते चार सूर फिरवतोय तो! आणि मध्येच तो चिरका आवाज कशाला काढतो?’’

त्यात त्याच वर्षाच्या सुरुवातीला त्यांची ती चित्रफीत आली होती, मुंबईत चित्रित केलेली. रंगपंचमी, साधू, रंगात माखलेली पोरे, वरळीच्या गल्ल्या आणि भारतीय वेशातली बियॉन्से. परदेशी लोकांना आपला देश म्हणजे एवढेच दिसते, अशी टीका वर्तमानपत्रांतून झाली. ती कात्रणे मी मुद्दाम जेवणाच्या टेबलावर ठेवली होती, हे आज कबूल करते.

कार्यक्रम होता ग्लोबल सिटिझन महोत्सवाचा, १९ नोव्हेंबर २०१६, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीए मैदानावर. बरीचशी तिकिटे विकत नव्हतीच. शिक्षण, स्वच्छता, स्त्री-पुरुष समानता अशा विषयांवर सह्या करा, संदेश पाठवा, त्याचे गुण जमवा आणि त्यातून तिकीट मिळवा, अशी योजना. धाकटीने महिनाभर हेच केले आणि तिकीट मिळवले. तिकीट फुकट, पण प्रवास, मुंबईतले खाणेपिणे? आणि नेमकी ८ नोव्हेंबरला रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या! घरात दूधवाल्याला द्यायला सुटे नाहीत आणि ही मुंबईला निघालेली.

मी नाही म्हटले. स्वच्छ नाही. ती रडली, मी बोलले, ती उलटून बोलली. ‘‘तुला माझं काहीच आवडत नाही,’’ असे ती म्हणाली आणि मी म्हटले, ‘‘आवडण्यासारखं काही कर.’’ असली वाक्ये तोंडातून निघून जातात आणि मग घरात वर्षानुवर्षे राहतात. शेवटी ती गेलीच, एका मैत्रिणीबरोबर. पैसे मैत्रिणीने उसने दिले, असे मला सांगण्यात आले. परत आल्यावर ती आठ दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलली. सुमारे ऐंशी हजार माणसे होती म्हणे मैदानात. अमेरिकेचा जे-झी गायला, शेवटी कोल्डप्लेबरोबर आपला ए. आर. रहमान आला आणि सगळे मैदान ‘माँ तुझे सलाम’ म्हणाले. हे सगळे ती वडिलांना सांगत होती आणि मी पलीकडे मेथी निवडत ऐकत होते.

मेथी निवडताना मला माझे वडील आठवायला हवे होते, पण तेव्हा आठवले नाहीत. नागपूरला आमच्याकडे रेडिओवर कुमार गंधर्व लागले की वडील उठून रेडिओ बंद करायचे. ‘‘तुकडे तुकडे गातो. ख्याल असा असतो का?’’ क्षयाने कुमारांचे एक फुप्फुस निकामी केले होते, देवासला कित्येक वर्षे गाणे बंद ठेवावे लागले होते आणि त्यातून त्यांनी स्वतःचे गाणे नव्याने उभे केले, हे वडिलांना ठाऊक नव्हते असे नाही. ठाऊक होते, तरी आवडत नव्हते. मी आणि माझा भाऊ शेजाऱ्यांच्या ओसरीवर बसून कुमार ऐकायचो. इकडे छत्तीसगढात आल्यावर तीजनबाईंची पंडवानी ऐकली, तेव्हा त्यांचीही हकीकत कळली. बाईने बसून गायचे, उभे राहून अभिनयासह गायची कापालिक शैली पुरुषांची, असा रिवाज. तीजनबाई उभ्या राहिल्या, हातात तंबुरा घेऊन भीम झाल्या. गाण्यापायी त्यांना जातीबाहेर काढले होते. पुढे २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. हे सारे मी भिशीत मोठ्या अभिमानाने सांगत असे. घरात मात्र रेडिओ बंद करणारी मीच होते.

एप्रिल २०२१ च्या लाटेत हे गेले. त्याविषयी इथे लिहीत नाही. त्या महिन्यात रायपुरात किती घरांत काय झाले, ते रायपूरकरांना सांगायला नको. पायपेटीवर मी जुनी सोलापुरी चादर घातली आणि ती तशीच राहिली.

आता २०२५ ची २६ जानेवारी. धाकटी आणि जावई पुण्याहून चार दिवसांसाठी आले होते. कोल्डप्ले पुन्हा भारतात आलेला. नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये तीन कार्यक्रम झाले होते आणि अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियममध्ये दोन. सप्टेंबरात तिकीटविक्री सुरू झाली तेव्हा एक कोटीहून जास्त लोक संगणकाच्या रांगेत उभे होते, अशी बातमी होती. धाकटीचा नंबर काही लागला नाही आणि काळ्या बाजारात तिकिटांचे भाव लाखांत गेले. तो शेवटचा कार्यक्रम मात्र घरबसल्या हॉटस्टारवर दिसणार होता. ‘‘आई, तू आत जाऊन झोपलीस तरी चालेल,’’ ती म्हणाली. आवाजात कुरबुर नव्हती, पण ते ऐकून मी मुद्दाम खुर्ची ओढून बसले.

जावईबापूही या बँडच्या विरोधातले निघाले, हे मला त्या दिवशी कळले. त्यांना खरे रॉक लागते, कानठळ्या बसवणारे. ‘‘हे म्हणजे गोड शिरा आहे, आई. सोपं, गुळगुळीत, सगळ्यांना चालेल असं,’’ ते म्हणाले. मला आपला माणूस भेटल्याचा आनंद झाला. आम्ही दोघे एका बाजूला आणि धाकटी एका बाजूला, अशी बैठक बसली.

पहिली काही गाणी आम्ही टोमणे मारत पाहिली. एक लाखाहून जास्त माणसे, प्रत्येकाच्या मनगटावर पट्टी आणि ती गाण्याबरोबर आपोआप रंग बदलणारी. सारे स्टेडियम एकदम पिवळे होते, मग लाल, मग आकाशासारखे निळे. ‘‘दिवाळीचे कंदील,’’ मी म्हटले. धाकटीने सांगितले, की त्या पट्ट्या वनस्पतींपासून केलेल्या असतात आणि कार्यक्रम संपल्यावर परत घेतात. २०१९ साली या मंडळींनी जाहीर केले होते, की प्रदूषण कमी करायचा मार्ग सापडेपर्यंत दौरा करणार नाही. आता मैदानात खास जमीन असते, तिच्यावर लोक नाचले की वीज तयार होते, शिवाय चालवायला सायकली ठेवलेल्या असतात. ‘‘विमानांचं काय?’’ जावयांनी विचारले. तो प्रश्न मला आजही रास्तच वाटतो. पण कार्यक्रम करून निघून जाण्यापेक्षा हे बरे, असेही वाटले. नवी मुंबईत ख्रिस मार्टिनने चार शब्द मराठीतही म्हटले होते, ते धाकटीने फोनवर ऐकवले. उच्चार आमच्या रायपूरच्या तिसऱ्या पिढीपेक्षा फार वाईट नव्हते.

मग ते गाणे आले. ‘फिक्स यू’.

सुरुवातीला काहीच नाही, फक्त ऑर्गनचे लांबच लांब सूर. एक सूर धरून ठेवायचा, त्याच्याखाली दुसरा सरकवायचा, घाई नाही. मी बोलता बोलता थांबले. हा नाद मला ठाऊक होता. पडदा उघडण्याआधी पायपेटी असाच सूर धरते. हे रियाजाला बसले की आधी पाच मिनिटे नुसता षड्ज-पंचम भरून घ्यायचे आणि मी आतून म्हणायची, ‘‘अहो, सुरू करा आता!’’ संगीत नाटकात ऑर्गन आला तो इंग्रजांच्याच चर्चमधल्या वाद्याचा धाकटा भाऊ म्हणून. आपण त्याला इतका घरचा केला, की त्याचे माहेर विसरलो. त्या रात्री तो माहेरच्या भाषेत बोलताना ऐकला.

त्या सुरावर ख्रिस मार्टिन खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखा गात होता. मधूनच तो चिरका आवाज, ज्यावर मी वर्षानुवर्षे बोलले. पण तिथे तो आवाज चिरका लागला नाही. रडू आवरणाऱ्या माणसाचा लागतो तसा लागला. मग गिटार आली, ड्रम आले आणि लाखभर माणसे गायला लागली. आपल्याकडे आरतीला जसे होते तसे. आरतीत कोणाचा सूर कुठे आहे, हे कोणी पाहते का? गणपतीपुढे ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ला मी कधी कोणाला ‘पट्टी सुटली’ म्हटलेले नाही. चार सूर आहेत म्हणून तर सगळ्यांना गाता येते. ख्यालाची मोजपट्टी मी आरतीला लावत बसले होते.

‘‘हे त्याने कशावर लिहिलंय?’’ मी विचारले.

‘‘त्याच्या सासऱ्यांवर. म्हणजे, बायकोचे वडील वारले होते २००२ साली आणि तिला कसं सावरावं कळत नव्हतं त्याला. त्यातून आलं ते.’’ धाकटी पडद्याकडेच बघत होती. मग म्हणाली, ‘‘बाबांना आवडायचं हे. मी मुंबईहून आले ना, तेव्हा त्यांनी मागून घेतलं होतं माझ्याकडून. पेटीवर बसवलंही होतं थोडंसं.’’

मला हे माहीत नव्हते.

‘‘आणि ते पैसे मैत्रिणीने नव्हते दिले, आई. बाबांनी दिले होते. बँकेत जुन्या नोटा बदलायला उभे होते सकाळपासून. साडेचार हजारच बदलून मिळायचे तेव्हा. शंभर-शंभरच्या नोटा मला देऊन टाकल्या.’’

तो दिवस मला चांगला आठवत होता. दुपारी दोनला हे घामाघूम होऊन आले आणि म्हणाले, ‘‘माझा नंबर येईपर्यंत पैसेच संपले.’’ मी बँकेच्या नावाने बोटे मोडत त्यांना ताक करून दिले होते. ताक पिऊन ते निमूट वर्तमानपत्र वाचत बसले. बाई, किती शांतपणे खोटे बोलला हा माणूस! आणि मी त्या आठवड्यात वाण्याकडे उधारी ठेवली.

जावई उठून पाणी प्यायला आत गेले. शहाणा मुलगा आहे. आम्ही दोघी काही वेळ बोललो नाही. टीव्हीवर पुढचे गाणे सुरू झाले होते.

कार्यक्रम संपला तेव्हा दहा वाजून गेले होते. सगळी गाणी मला आवडली असे नाही. मधली दोन-तीन तर निव्वळ रोषणाई होती आणि शेवटचे फटाके पाहून मला आमच्या राज्योत्सवाची आठवण झाली. जावयांचे मतही फारसे बदलले नाही. ‘‘एक गाणं दिलं तुम्हाला,’’ एवढेच ते म्हणाले. ठीक आहे. माझे वडीलही शेवटी कुमारांच्या एका भजनावर थांबले होते. त्यापुढे गेले नाहीत.

रात्री धाकटीने पायपेटीवरची सोलापुरी चादर काढली. धूळ कमी होती, कारण कोणाला न सांगता मी महिन्यातून एकदा ती झटकत असे. तिने पाय भात्यावर ठेवले. भाता फाटला होता, हवा एका बाजूने फुसफुसत निघून जायची, आणि काळी दोनची पट्टी दाबल्यावर वर येईना, तो सूर वाजतच राहिला. तरी तिने दोन सूर लावले. मग मला हाताला धरून बसवले आणि कोणते सूर ते दाखवले. चारच होते.

भाता शिवणारा कारागीर रायपुरात आता कोणी सापडला नाही. सदर बाजारात विचारले, गोल बाजारात विचारले. नागपूरला महालात एकजण आहे असे भावाने कळवले आहे. पेटी एवढ्या लांब न्यायची कशी, यावर सध्या घरात चर्चा चालू आहे. जावईबापू टेम्पो ठरवतो म्हणतात.