कपाटातला पावसाळा

तरणा पाऊस संपून म्हातारा लागला की नेसरीतल्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीला पाझर फुटतो. खडेमीठ ओलं होतं, चमच्याला चिकटतं, बरणीच्या तळाला पाणी साचतं. यामागे साधा हिशेब आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच विरघळायला लागतं. बुरशीला तेवढंही लागत नाही. सत्तरच्या आसपास आर्द्रता काही दिवस टिकली तरी तिचं भागतं. तेव्हा ज्या दिवशी मीठ पाझरलं, त्या दिवशी शेजारच्या खोलीतल्या कपाटाला कुबट वास सुटायला सुरुवात झालेली असते. फक्त ते कपाट उघडलं जातं गणपतीला. मुंबई-पुण्याची माणसं घरी येतात, रात्री पांघरुणं निघतात आणि पाहुण्यांची नाकं मुरडतात.

प्रतापराव गुजरांच्या 24 फेब्रुवारी 1674 च्या लढाईमुळे नेसरी महाराष्ट्राला ठाऊक आहे. पावसाच्या दृष्टीनेही ही जागा सीमेवरचीच. पश्चिमेला आजरा आणि चंदगड, त्यांच्या पलीकडे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस झेलणारी आंबोली. पूर्वेला गडहिंग्लजकडे जावं तसा पाऊस कमी होत जातो. नेसरीला आंबोलीएवढा पाऊस नाही, पण जुलै-ऑगस्टमध्ये आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही. पाऊस किती पडला यापेक्षा ऊन किती दिवस पडलं नाही, हे कपड्यांच्या दृष्टीने महत्त्वाचं.

सुती कापड कोरडं दिसलं तरी कोरडं नसतं. 65 टक्के आर्द्रतेच्या हवेत ते आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी धरून बसतं. पावसाळी हवेत हा आकडा दुपटीच्या घरात जातो. म्हणजे चार जुन्या लुगड्यांची, दोन-अडीच किलोची वाकळ पावसात एकदाही न भिजता पावशेराहून जास्त पाणी पिऊन कपाटात बसलेली असते. तिच्यावर दुसरी वाकळ, वर चादरी, वर उश्यांचे अभ्रे, आणि दार घट्ट बंद. बुरशीला आणखी काय हवं? कापडावरचा घाम, तेल आणि खळ हे तिचं खाणं, आणि ते खाताना ती जे वायू सोडते तोच आपल्या नाकाला येणारा कुबटपणा.

यावर घरोघरी एकच उपाय होतो. ‘डांबरगोळ्या टाकल्यात की!’ असं कपाटाकडे बोट दाखवून सांगितलं जातं आणि विषय संपतो. खरं तर तिथे तो सुरूही झालेला नसतो. डांबरगोळी म्हणजे बहुधा नॅप्थॅलीन. ती कसरीसाठी असते. घोंगडी, शाली, लोकरीचे स्वेटर कुरतडणाऱ्या किड्यांना तिचा वायू मारतो. ओल ती शोषत नाही. बुरशीचा वास तेवढा तिच्या उग्र वासाखाली दडतो, आणि दोन महिन्यांनी गोळी विरली की दोन्ही वास एकत्र येतात.

यात एक धोका मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही. काही बाळांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतः कमी असतं. अशा बाळाला नॅप्थॅलीनमध्ये ठेवलेली दुपटी-टोपरी तशीच वापरली, तर त्या पेशी फुटून रक्त कमी होतं, कावीळ बळावते. असे रुग्ण वैद्यकीय साहित्यात अनेक दशकांपासून नोंदलेले आहेत. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2002 साली नॅप्थॅलीनला ‘माणसात कर्करोग होऊ शकण्याची शक्यता’ या गटात टाकलं. तरी थोरल्या भावंडाची दुपटी धाकट्यासाठी डांबरगोळ्यांत जपून ठेवण्याची रीत चालूच आहे. बाळंतिणीच्या खोलीत ओवा आणि वावडिंगाची धुरी देऊन शेगडीवर उपड्या टोपलीवर दुपटी शेकणाऱ्या बायका निदान ओलीवर तरी उपाय करत होत्या. धूर बाळाच्या छातीला वाईट, हे खरं. पण नुसता शेक पुरे होता.

दुसरा वास वेगळा. धुतलेला टॉवेल वाळला, घडी घातली, आणि तोंड पुसताना भिजला की आंबूस वास आला, हा बुरशीचा नव्हे. जपानमधल्या संशोधकांनी 2012 साली त्याचा माग काढला. मोरॅक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू कपड्यातल्या उरलेल्या मळावर जगतो आणि एक वासाचं आम्ल बनवतो. हा जिवाणू कोरडं पडणंही सोसतो आणि अतिनील किरणंही बऱ्यापैकी सोसतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे ‘उन्हात टाका, सगळं जातं’ हा आपला लाडका समज या एका वासापुरता लंगडा पडतो. इथे परटाची भट्टी आठवते. सोड्याच्या पाण्यात कपडे उकळायचे, मगच आपटायचे. वॉशिंग मशीन थंड पाण्यात चालवून, वर महागडा सुवासिक द्रव ओतून जे साधत नाही, ते सुती टॉवेल आणि अभ्रे उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवल्याने साधतं. वास जास्तच येत असेल तर मशीनचा रबरी गळाही पुसावा. तिथे चिकट थर साचतो, आणि तो कुणाला पाहावासाही वाटत नाही.

पण सगळा दोष बाईच्या धुण्यावर ढकलण्याची सवय आता सोडलेली बरी. वासाचं मूळ पुष्कळदा भिंतीत असतं.

या भागातल्या जुन्या घरात पुढे सोपा असायचा. तो तीन बाजूंनी वारा येणारा, पण वरून झाकलेला. वलणीवर कपडे तिथे दोन दिवस लोंबकळायचे आणि वाळायचे. आत चूल दिवसभर धुमसायची, माळा कोरडा राहायचा. या घरांचं कौतुक करताना हेही सांगायला हवं की त्यातले कपडे धुराने वासलेले असत आणि बायकांचे डोळे चुरचुरत. तरी पाण्याचा प्रश्न त्या घराने सोडवला होता. आज सोपा बंद करून तिथे हॉल झाला. मातीच्या आणि दगडाच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा लागला. जमिनीतून भिंतीत चढणारी ओल पूर्वी माती आणि चुन्यातून बाहेर उडून जायची. सिमेंट तिला कोंडतं. मग त्याच भिंतीला, तीही बहुधा पावसाच्या माऱ्याकडची, पाठ चिकटवून प्लायवूडचं कपाट ठोकलं जातं. गोदरेजचं पोलादी कपाट 1923 पासून देशात आहे. इकडे त्याला सरळ तिजोरी म्हणतात, आणि नावातच तिचं काम आलं. चोर आणि वाळवी तिने अडवली. ओल मात्र ती आत आलेली बाहेर सोडत नाही.

घट बसण्याआधी घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण धुण्याची कोल्हापूरकडची चाल फार शहाणी आहे. नवरात्राच्या तोंडावर पंचगंगेच्या घाटापासून घटप्रभेच्या काठापर्यंत वाकळा, चादरी, पडदे दगडावर आपटले जातात आणि खडकावर पसरले जातात. नदीत साबण किती जातो, हे वेगळं भांडण. तेही कधीतरी भांडायला हवं. वासाच्या बाबतीत अडचण एवढीच की ही धुलाई रोग होऊन गेल्यावरची आहे. वाकळा वैशाखात, मृग लागण्याआधी, दिवसभर कडक उन्हात उलटसुलट तापवाव्यात. सांजच्याला आत आणून पूर्ण गार होऊ द्याव्यात आणि मग ट्रंकेत घालून झाकण घट्ट लावावं. इथे तीच लोखंडी पेटी उपयोगी पडते. कोरडं आत गेलं तर ती बाहेरची ओल आत येऊ देत नाही. मात्र एकही दमट टॉवेल तिच्यात गेला की सगळी पेटी नासली.

कपाटापुरतं बोलायचं तर ते भिंतीपासून चार बोटं पुढे ओढावं, घड्या हवा खेळेल इतक्या सैल ठेवाव्यात आणि पावसाने उघडीप दिली की दारं सताड उघडावीत. पाऊस कोसळत असताना उघडी दारं उलट ओलच आत घेतात. पूर्वी काही घरांत कपाटाच्या तळाशी पंचवीस वॅटचा पिवळा दिवा लावून ठेवत. ते अंधश्रद्धेचं नव्हतं. 24 अंशांची 90 टक्के दमट हवा 29 अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता 67 च्या आसपास येते. एलईडी दिव्याला ती ऊब नाही, आणि पिवळा दिवा कापडाला टेकला तर आग लागते, तेव्हा हा प्रयोग जाळीआडच करावा. दुकानात मिळणाऱ्या ओल शोषणाऱ्या डब्यांत कॅल्शियम क्लोराईड असतं. ते खरोखर पाणी ओढतं. डब्यात साचलेलं पाणी मोजताही येतं. लहान कपाटाला ते पुरतं, खोलीला नाही. कापूर आणि वेखंड वासाला छान, एवढंच.

राहिला मुद्दा नव्या घरांचा. प्रधानमंत्री आवास योजनेतलं ग्रामीण घरकुल किमान 25 चौरस मीटरचं, सपाट भागात केंद्राच्या निकषाने 1 लाख 20 हजारांच्या मदतीचं. त्यात स्वयंपाकाच्या जागेचा विचार केलेला आहे आणि शौचालयाचीही सोय होते. पावसाळ्यात धुणं कुठे वाळायचं, हे मात्र नकाशात विचारलेलंच नाही. आजरा, चंदगड आणि गडहिंग्लजच्या पश्चिम पट्ट्यासाठी त्यात सहा फूट रुंद, वरून पत्रा आणि बाजूंनी मोकळी पडवी धरावी, आणि तेवढ्यापुरते चार पैसे वाढवून द्यावेत. पंचायत समितीत घरकुलांच्या याद्या मंजूर होतात, तिथे हा विषय एकदा तरी मांडला जावा. मांडणारी बाई असेल तर जास्त बरं, कारण त्या पडवीत दोरी किती उंचीवर हवी हेही ती सांगेल.