बरणीतला साप आणि आमची तरणी पोरं

आज हुमणीवर लिहिणार होतो, ते पुढच्या वेळी. आज सापावर लिहितोय आणि जरा तिखट लिहितोय. कुणाला लागलं तर लागू द्या.

दोन-तीन वर्षं झाली, आमच्या भागात नवं खूळ आलंय. साप पकडायचा, प्लास्टिकच्या बरणीच्या झाकणाला भोकं पाडून त्यात कोंबायचा, आठ-आठ दिवस घरात ठेवायचा आणि रोज बाहेर काढून रील करायची. वर गप्पा, "हा जरा चिडका आहे, तो गरीब आहे, याला माझी सवय झालीय." अरे बाबा, सवय बैलाला होते, कुत्र्याला होते. साप माणसाळत नाही. बरणीत गप पडलाय म्हणजे दमलाय, नाहीतर गारठलाय. कुणी म्हणतं, विषदात पाडलेत. ते परत येतात, हे ठाऊक नाही का?

स्वभाव ओळखणाऱ्यांना माझा सवाल आहे. आपल्या रानातला सगळ्यात चिडका साप कोणता? पाणदिवड, म्हणजे विरोळा. हात लागायचा अवकाश, चावलाच. विष नाही. धामण धरली तर कडकडून चावते, तिलाही विष नाही. नाग फणा काढून फुसफुसतो, तो "लांब हो" म्हणतो, कधी कधी तर तोंड मिटूनच टोला देतो. आणि गरीब कोण? मण्यार. दिवसा डिवचली तरी डोकं वेटोळ्यात लपवते. तीच रात्री खाली अंथरुणावर झोपलेल्याला चावते. बऱ्याचदा दुखत नाही, सुजत नाही, पहाटे माणसाच्या पापण्या जड व्हायला लागतात तेव्हा कळतं. आता सांगा, स्वभावावरून काय ओळखणार तुम्ही?

माझ्या चुलतभावाचा पोरगा याच नादात होता. त्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. माझ्या कडब्याच्या गंजीतली धामण काढायला मीच त्याला बोलावलं होतं, आणि व्हिडिओ पण मीच ग्रुपवर टाकला. धामण त्यानं नेली, कुठं सोडली ते मी विचारलंसुद्धा नाही. त्या वर्षी उंदरांसाठी झिंक फॉस्फाईडच्या पुड्या आणत बसलो. फुकटचा राखणदार हाकलून द्यायचा आणि दुकानातून विष विकत आणायचं, अशी आमची शेती!

धामणीवरून तो घोणशीवर गेला. कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते, रील चांगली होते. "मानेला धरली की काय करणार ती?" म्हणायचा. घोणशीचे विषदात लांब आणि दुमडणारे असतात, डोक्यामागं धरली तरी ती दात बाजूला वळवते. बोटात घुसला. तालुक्याला नेलं, प्रतिविष दिलं, तरी लघवी बंद झाली. मूत्रपिंडं बसली, डायलिसिस करावं लागलं. पोरगं वाचलं, उजव्या हाताचं एक बोट गेलं. वहिनींच्या पाटल्या गेल्या त्या वेगळ्याच.

"काका, आम्ही साप वाचवतो," असं पोरं म्हणतात. वाचवणारा साप घरी नेत नाही. वनखात्याला कळवतो, जवळच्याच त्याच्या जागेत सोडतो आणि हात झटकून येतो. आठ दिवस बरणीत ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, मग मनात कितीही दया असो.

साप घरात आलाच तर त्याला बाहेर जायला वाट ठेवा आणि लांब उभं राहा. अडकून बसला असेल तर पोरं-कुत्री लांब करा, एकानं लांबूनच नजर ठेवा आणि १९२६ ला फोन लावा, वनखात्याचा नंबर आहे. चावलाच तर आवळून दोरी बांधू नका, ब्लेड मारू नका, देवळात नेऊन वेळ घालवू नका. चावलेला हात-पाय न हलवता सरळ सरकारी दवाखाना गाठा.

आणि ज्यांच्या घरात आज बरणी आहे, त्यांनी झाकण स्वतः उघडू नका. आज संध्याकाळच्या आत तोच नंबर फिरवा. पोराच्या तब्येतीची चौकशी करणाऱ्यांनी मला फोन करावा, त्याला नको. अजून कुणाशी बोलत नाही तो.