चोपड्यावरची श्री आणि लावणीची दोरी

दिवाळीच्या चोपडापूजनात नव्या वहीच्या पहिल्या पानावर आपण कुंकवाने श्रींचा त्रिकोण लिहितो. पहिल्या ओळीत एक श्री, दुसरीत दोन, तिसरीत तीन; नऊ ओळी झाल्या की एकूण पंचेचाळीस. हे पान मुलांपुढे ठेवून एक छोटा आरसा त्रिकोणाच्या मधोमध उभा धरावा. आरशात त्रिकोणाचा बाह्य आकार जसाच्या तसा पूर्ण होतो. मात्र त्यातील प्रत्येक श्रीची वेलांटी उजवीकडून डावीकडे गेलेली असते आणि अक्षर वाचता येत नाही. शाळेच्या भूमितीत ज्या दोन क्रियांची मुले हमखास गल्लत करतात, त्या दोन्ही या एका पानावर आहेत. एका श्रीवरून दुसरी श्री मिळते ती सरकवून. त्यास स्थानांतरण म्हणावे. त्रिकोणाच्या डाव्या कडेवरून उजवी कड मिळते ती उलटवून. तिला परावर्तन म्हणतात.

आपल्या घरांत भूमितीविषयी थोडी उदासीनता आहे, हे मान्य करावे लागेल. टक्केवारी, व्याज, नफातोटा यांत मुलगा तरबेज असला की वडीलधारी मंडळी समाधानी असतात. ‘आकृत्या दुकानात कुठे लागतात?’ हा प्रश्न ठरलेलाच. सहावीत कागदाची घडी घालून सममितीचा अक्ष शिकवला जातो तेव्हा मुलांना मौज वाटते. पुढे आलेखकागद आणि निर्देशक आले की मौज संपते व गुण जाऊ लागतात. आयसीएसईच्या दहावीत तर परावर्तन हा स्वतंत्र घटक आहे. आणि आकृत्या दुकानात लागतातच, किंबहुना दुकानाच्या दारापासून लागतात.

काचेच्या दारावर रंगवलेले दुकानाचे नाव गल्ल्यावर बसलेल्याला उलटे दिसते. कारण तो अक्षरांच्या मागे आहे, आणि मागून पाहणे म्हणजेच परावर्तन. रबरी शिक्क्यावर अक्षरे उलटी कोरलेली असतात, कारण कागदावर दाबताना ती एकदा उलटतात. कापडावर ठसे उमटवणारा कारागीर दोन्ही क्रिया एकापाठोपाठ करतो. ठसा उमटताना परावर्तन होते, आणि तोच ठसा पुढे सरकवीत नेला की स्थानांतरण.

मंदिरात अक्षतांचा स्वस्तिक काढला जातो, तेथेही एक गैरसमज आढळतो. समोरून पाहणाऱ्याला तो उलटा दिसत असेल, असे काहींना वाटते. तसे होत नाही. समोरची व्यक्ती स्वस्तिकाला अर्ध्या फेऱ्याने फिरवून पाहत असते, आणि फिरवल्याने भुजांची वळण्याची दिशा बदलत नाही. (वरच्या तीन ढिगल्या आणि सिद्धशिला मात्र तिला खालच्या अंगास दिसतात.) स्वस्तिक खरोखर उलटतो तो आरशात किंवा काचेच्या पलीकडून. सरकवणे आणि फिरवणे यांत उजवे ते उजवेच राहते. उलटवण्यात उजव्याचे डावे होते. एवढी कसोटी मुलाच्या हाती दिली की निम्मे उत्तर तेथेच तपासता येते.

ही कसोटी चुकली तर कापड वाया जाते. छापील कापडाचे दोन थर सुलटी बाजू वर ठेवून एकावर एक पसरले आणि बाही कापली, तर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या निघतात. दुसरी बाही पहिलीचे परावर्तन हवी होती. ती नुसती सरकवलेली प्रत झाली. म्हणून जाणता कारागीर कापडाची घडी घालून, सुलट्यास सुलटे भिडवून मगच कात्री लावतो. दोन्ही बाजू सारख्याच असलेल्या कापडावर ही चूक खपून जाते, कारण तेथे तुकडा पालथा करता येतो. कानांतले जोड, चपलांचे जोड यांचीही हीच गोष्ट आहे.

दुसरी चूक मोजणीची, आणि ती पहिलीपेक्षा चिवट. आकृती सहा घरे उजवीकडे सरकवा, असे सांगितले की पुष्कळ मुले मूळ आकृती व नवी आकृती यांच्यामध्ये सहा रिकामी घरे सोडतात. सरकणे मोकळ्या जागेने मोजायचे नसते. एका कोपऱ्यापासून प्रतिमेतील त्याच कोपऱ्यापर्यंत मोजायचे असते. हे शिकवायला सध्याच्या दिवसांत कर्जत-खालापूरच्या खाचरांइतके चांगले साधन नाही. आषाढात येथे भाताची लावणी सुरू असते. कर्जतला भात संशोधनाचे केंद्र आहे आणि भाताचे काही वाण कर्जत याच नावाने ओळखले जातात. आपल्यापैकी अनेकांचा व्यवहारही खते-बियाण्यांचा किंवा भातगिरणीचा आहे.

चारसूत्री पद्धतीने लावणी करताना जी दोरी वापरतात, तिच्यावर १५ आणि २५ सेंटिमीटरच्या आलटून पालटून खुणा असतात. प्रत्येक खुणेपाशी रोपांचा एक चूड लावायचा. दोन्ही दिशांनी हेच अंतर पाळले की चार-चार चुडांचे, १५ सेंटिमीटर बाजूचे चौकोन तयार होतात. प्रत्येक चौकोनाच्या मधोमध युरिया-डीएपीची एक ब्रिकेट चिखलात खोचतात. एका चौकोनावरून शेजारच्या चौकोनावर जायचे तर किती सरकावे लागेल? मध्ये मोकळी जागा २५ची दिसते, म्हणून मूल २५ म्हणते. खरे उत्तर ४०, कारण चौकोनाची स्वतःची १५ची रुंदीही ओलांडावी लागते.

ही चूक आता ब्रिकेटच्या मागणीत आणून पाहू. ४० सेंटिमीटर धरले तर हेक्टरी ६२,५०० चौकोन बसतात, म्हणजे तेवढ्याच ब्रिकेट. एक ब्रिकेट २.७ ग्रॅमची धरल्यास सुमारे १६९ किलो माल लागेल. २५ धरून हिशेब केला तर १,६०,००० ब्रिकेट, वजन ४३२ किलो. अडीचपटीहून अधिक माल गोदामात येऊन पडेल.

याच दोरीत भूमितीचा एक सुंदर नियमही दडलेला आहे. पहिला चूड शून्यावर धरू. पुढचे १५, ४०, ५५, ८० वर येतील. आता ७.५ वर एक आरसा कल्पावा. शून्यावरच्या चुडाची प्रतिमा १५ वर पडते. दुसरा आरसा २७.५ वर कल्पावा. १५ची प्रतिमा ४० वर जाते. दोन आरशांमधील अंतर २०, आणि चूड सरकला ४०. समांतर आरशांत लागोपाठ दोनदा उलटवले की आकृती सरळ होऊन नुसती सरकलेली असते, आणि ती आरशांमधील अंतराच्या बरोबर दुप्पट सरकते. सराफी पेढीत समोरासमोर आरसे लावलेले असले की ताबडतोब पडताळा घ्यावा: पाटीची पहिली प्रतिमा उलटी, दुसरी सुलटी. आरशांत आठ फुटांचे अंतर असेल तर ती सुलटी पाटी सोळा फूट दूर गेलेली भासते. छोटी पेढी प्रशस्त वाटण्याचे रहस्य हेच.

समांतर हा शब्द आला म्हणून एक सावधगिरी. समांतर दिसणारी प्रत्येक जोडी सरकवून मिळालेली नसते. कर्जत-खोपोली मार्गाच्या सरळ भागात एक रूळ आडवा १६७६ मिलिमीटर अधिक रुळाच्या माथ्याची रुंदी इतका सरकवला की दुसऱ्याची जागा मिळते. पण १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ-माथेरान मार्गाची वळणे आठवावीत. तेथे रुळांतील अंतर अवघे ६१० मिलिमीटर. मार्ग उत्तरेकडे जात असताना डावा रूळ त्याच रीतीने पूर्वेला सरकवून उजवा मिळेल. मात्र मार्ग वळून पूर्वेकडे जाऊ लागला की सरकवलेला रूळ मूळ रुळाच्याच रेषेत येईल आणि गाडीला जागाच उरणार नाही. वळणावर आतला रूळ बाहेरच्यापेक्षा आखूड आणि अधिक वाकडा असावा लागतो, म्हणून तेथे नुसते सरकवून भागत नाही. माथेरानला सहलीला जाल तेव्हा मुलांना हे खिडकीतून अवश्य दाखवावे.

परीक्षेसाठी आणखी एकच सूचना. आरशाची रेषा तिरपी असली की मुले सवयीने आडवे घर मोजतात. अंतर नेहमी रेषेला लंब मोजावे आणि रेषेच्या पलीकडे तेवढेच घ्यावे.

आता मुलांसाठी या महिन्याचे कोडे. दोरीवर १५-२५ऐवजी सर्वत्र २० सेंटिमीटरच्या खुणा केल्या, तर हेक्टरी चुडांची संख्या वाढेल, घटेल की तेवढीच राहील? शेताचे चित्र स्वतःवर तंतोतंत बसण्यासाठी दोरीच्या दिशेने कमीत कमी किती सरकवावे लागेल? आणि आरशांच्या रेषा किती अंतरावर येतील? आकृतीसह उत्तरे पाठवावीत.