तारापूरच्या सांडपाण्याचा आकडा दर १५ मिनिटांनी सर्व्हरवर जातो, मग किनाऱ्यावर का पोचत नाही?

नवापूर, दांडी, मुरबे या भागातून मेलेल्या माशांचे व्हिडिओ अधूनमधून आपल्या व्हॉट्सॲपवर येतात. आपण बघतो, "एमआयडीसीचं पाणी सोडलं वाटतं" म्हणतो आणि पुढच्या ग्रुपवर ढकलतो. मग तक्रार होते, अधिकारी येतात, बाटलीत नमुना घेतात. तोपर्यंत भरती-ओहोटी होऊन गेलेली असते आणि खाडीतलं पाणी बदललेलं असतं. पुरावा समुद्राने धुऊन नेलेला असतो.

म्हणजे या सगळ्या भांडणात सर्वात महत्त्वाची गोष्ट कोणती? वेळ. नेमक्या किती वाजता, कुठल्या पाइपातून, काय गेलं? आणि गंमत म्हणजे ही माहिती गोळा करणारी यंत्रणा आपल्याकडे आधीपासून आहे. आज ती कशी चालते आणि कुठे अडते ते समजून घेऊ.

बोईसरशी आपला संबंध काय?

माकुणसार, केळवे, सफाळे पट्ट्यातून बोईसर काही लांब नाही. केळवे रोडला गाडी पकडली की पालघर, उमरोळी आणि मग बोईसर. आपल्यातले कितीतरी जण तिथे कामाला जातात. तारापूर एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल, रंग, कीटकनाशकं, कापड, स्टील असं बरंच काही तयार होतं. डोकं दुखल्यावर घेतलेली गोळी, जीन्सचा निळा रंग, वाडीत फवारायचं औषध, या सगळ्याची सुरुवात अशाच कुठल्यातरी औद्योगिक वसाहतीत होते. त्यामुळे "कारखाने बंद करा" एवढं म्हणून विषय संपत नाही.

या कारखान्यांना लागणारं पाणी सूर्या नदीचं. धामणी आणि कवडास ही तिची दोन धरणं. याच नदीवर पालघरचे नळ अवलंबून आहेत, आणि वसई-विरार, मीरा-भाईंदरसाठी एमएमआरडीएची ४०३ एमएलडीची योजनाही याच नदीवर आहे. एमएलडी म्हणजे दिवसाला दशलक्ष लिटर. एकच नदी, आणि घर, शेती, कारखाना, शहर असे सगळे तिच्यावर हक्क सांगणारे.

कारखान्यात गेलेलं पाणी सांडपाणी होऊन बाहेर येतं. आधी कारखान्याने स्वतः त्यावर प्राथमिक प्रक्रिया करायची, मग ते सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, म्हणजे सीईटीपीत जातं आणि तिथून नवापूरला समुद्रात सोडलं जातं. जुनं केंद्र २५ एमएलडीचं होतं आणि येणारं पाणी त्याच्या क्षमतेपेक्षा जास्त होतं. नंतर ५० एमएलडीचं नवं केंद्र उभं राहिलं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या निर्देशांकात तारापूरला ९३.६९ गुण मिळाले. हे गुण जितके जास्त, तितकं प्रदूषण जास्त. तारापूर देशात पहिलं आलं होतं!

अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६मध्ये राष्ट्रीय हरित लवादात दाद मागितली. जानेवारी २०२२मध्ये लवादाने शंभराहून जास्त कारखाने आणि सीईटीपी मिळून सुमारे १८६ कोटी रुपयांची भरपाई ठरवली. त्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या सीईटीपीचा. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयातही गेलं. तक्रार ते निकाल, सहा वर्षं.

सेन्सर नेमकं काय मोजतो?

फेब्रुवारी २०१४मध्ये केंद्रीय मंडळाने जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना आणि सामायिक प्रक्रिया केंद्रांना सतत मोजणारी ऑनलाइन यंत्रणा बसवायला सांगितलं. पाइपाच्या तोंडाशी सेन्सर, त्याला डेटा लॉगर, आणि तिथून दर १५ मिनिटांची सरासरी थेट मंडळाच्या सर्व्हरवर. मुख्य आकडे असे:

- पीएच: पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी. मर्यादा ५.५ ते ९. लक्षात ठेवा, ५.५ आणि ४.५ मध्ये "एकाचाच" फरक दिसतो, पण आम्लता दहापट वाढलेली असते.
- सीओडी: पाण्यातली घाण रासायनिक पद्धतीने पूर्ण जाळायला किती ऑक्सिजन लागेल. मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम.
- बीओडी: तीच घाण जिवाणूंनी खायची म्हटली तर किती ऑक्सिजन लागेल. समुद्रात सोडताना मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम.
- टीएसएस: पाण्यात तरंगणारा गाळ. समुद्रात सोडायच्या सांडपाण्यासाठी साधारण मर्यादा १०० मिलिग्रॅम.

आता बीओडीचं गणित करून बघा. आपल्याकडच्या कोमट समुद्राच्या एक लिटर पाण्यात जेमतेम ६ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. म्हणजे मर्यादेत असलेलं एक लिटर सांडपाणी साधारण १६ लिटर समुद्राच्या पाण्यातला सगळा ऑक्सिजन पिऊ शकतं. खोल समुद्रात लाटा-प्रवाहांमुळे पाणी मिसळतं, हवेतून ऑक्सिजन परत मिळतो. उथळ खाडीत ओहोटीच्या वेळी ते होत नाही आणि मासा गुदमरतो. म्हणूनच पाइपलाइन सुमारे ७ किलोमीटर आत समुद्रात नेण्याची योजना आली. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी तिला विरोध केला, कारण तिथेच त्यांची जाळी लागतात.

आकडा कुठे फसवतो?

डेटा आहे म्हणून तो खराच असेल असं नाही. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या कुणालाही हे पटेल.

पहिली गोष्ट, बरेच ऑनलाइन सेन्सर सीओडी थेट मोजतच नाहीत. लॅबमध्ये सीओडीची चाचणी म्हणजे नमुना रसायनांसोबत दोन तास उकळवणं, आणि बीओडीला तर तीन दिवस लागतात. सेन्सर पाण्यातून अतिनील प्रकाश टाकतो, किती शोषला गेला ते बघतो आणि त्यावरून सीओडीचा अंदाज बांधतो. पाण्यातलं रसायन बदललं की अंदाजही हलतो. सेन्सरच्या काचेवर शेवाळ-गाळ बसला तरी हलतो. म्हणून वेळोवेळी लॅबच्या आकड्याशी जुळवणं, म्हणजे कॅलिब्रेशन, आवश्यक असतं.

दुसरी गोष्ट पाणी मिसळण्याची. मर्यादा लिटरमागे आहे. घाण तेवढीच ठेवून वर स्वच्छ पाणी ओतलं की आकडा खाली येतो. समुद्रात जाणारी घाण मात्र एक ग्रॅमही कमी होत नाही. ५० एमएलडी पाणी २५० मिलिग्रॅम सीओडीने सोडलं, म्हणजे नियम पूर्ण पाळूनसुद्धा, तर दिवसाला साडेबारा टन सीओडी समुद्रात जातो. त्यामुळे नुसता सीओडी पुरेसा नाही, सोबत पाणी किती गेलं हेही कळायला हवं.

तिसरी गोष्ट सर्वात साधी. सेन्सर पाइपावर आहे. रात्री नाल्यात सोडलेल्या टँकरवर नाही. ते पकडायला एक सोपी वजाबाकी आहे: एमआयडीसीने कारखान्याला किती पाणी दिलं, वाफेत आणि मालात किती गेलं, सीईटीपीत किती पोचलं? मोठी तफावत असेल तर उरलेलं पाणी गेलं कुठे, हा प्रश्न विचारायला रसायनशास्त्र लागत नाही. दोन मीटर पुरतात.

आणि न्यायाने हेही सांगायला हवं की आपल्या संडास-मोरीच्या पाण्यावर तर सेन्सरच नाही. केंद्रीय मंडळाच्या २०२१च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ एमएलडी मैलापाणी तयार होतं आणि प्रक्रियेची उभी क्षमता आहे ३१,८४१ एमएलडी. खाडीच्या बिघडलेल्या तब्येतीत आपलाही वाटा आहेच.

मेसेज कोणाला जातो?

आता मुद्द्याची गोष्ट. मर्यादा ओलांडली की यंत्रणा आपोआप एसएमएस पाठवते. कारखान्याला जातो. प्रदूषण मंडळाला जातो. ज्याचं जाळं त्या पाण्यात आहे, त्याला जात नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७च्या निकालात राज्य मंडळांना सांगितलं की हे आकडे पोर्टलवर लोकांसमोर ठेवा. पण पोर्टलवर कुठेतरी असणं आणि मुरब्याच्या पोराला मोबाईलवर दोन सेकंदांत कळणं यात फरक आहे. हवेचं बघा. "समीर" ॲप उघडलं की शहराचा आकडा आणि रंग समोर. हिरवा चांगला, लाल वाईट. पाण्यासाठी असं काही आपल्या हातात नाही.

याउलट गावातली ओटी टेस्ट आठवा. ग्रामपंचायत पाण्यात टीसीएल पावडर टाकते. मग नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकतात. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, नाही आला तर नाही. स्वस्त चाचणी, पण उत्तर जो पाणी पिणार आहे त्याच्या डोळ्यांसमोर मिळतं. तारापूरची यंत्रणा तिच्यापेक्षा कितीतरी महाग आणि हुशार आहे. फक्त उत्तर चुकीच्या माणसांपाशी थांबतं.

"सेन्सर चुकला तर उगाच घबराट होईल" हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय आकडा लपवणं नाही, त्याच्यापुढे "तपासणी बाकी" असं लिहिणं आहे. "कंपनीचं गुपित फुटेल" यात मात्र दम नाही. सीओडीवरून कुणालाही औषधाचा फॉर्म्युला कळत नाही. उलट जे कारखाने प्रामाणिकपणे प्रक्रिया करतात त्यांना याचा फायदाच आहे. आज सगळ्यांचं पाणी एकाच पाइपात जातं आणि बदनामी सगळ्यांची होते.

तांत्रिकदृष्ट्या मागणी छोटी आहे: वेळेसह डाउनलोड करता येणारे आकडे, सेन्सर बंद होता तो काळ स्पष्ट दाखवणं, आणि एसएमएसच्या यादीत किनाऱ्यावरच्या मच्छीमार सहकारी संस्थांचे नंबर. शेवटच्या कामाला नवीन यंत्र लागत नाही.

तुम्ही आज काय करू शकता?

1. व्हिडिओ काढताना लोकेशन चालू ठेवा आणि मूळ फाइल जपून ठेवा. व्हॉट्सॲपवरून फोटो-व्हिडिओ नेहमीच्या पद्धतीने पाठवले की त्यातली वेळ-जागेची नोंद सहसा निघून जाते. द्यायचीच असेल तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा.
2. भरती होती की ओहोटी आणि घड्याळातली वेळ लिहून ठेवा. सर्व्हरवरच्या १५ मिनिटांच्या नोंदीशी तीच जुळवायची आहे.
3. कारखान्याचं संमतीपत्र बघा. किती पाणी वापरायचं आणि किती सोडायचं हे त्यात लिहिलेलं असतं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर संमतीपत्रं मिळतात.
4. माहिती अधिकारात नेमकं मागा. "प्रदूषणाची माहिती द्या" असं नको. "अमुक तारखेला, अमुक वेळेत, सीईटीपीच्या बाहेर पडणाऱ्या पाण्याचे १५ मिनिटांचे आकडे आणि पाठवलेले अलर्ट" असं लिहा. राज्याच्या आरटीआय पोर्टलवर अर्ज मोबाईलवरूनच भरता येतो.
5. घरात: उरलेलं कीटकनाशक, थिनर, जुनी औषधं मोरीत ओतू नका. आणि संडास धुण्याचं ॲसिड ब्लीचिंग पावडरमध्ये कधीच मिसळू नका, क्लोरीन वायू तयार होतो.

पुढच्या वेळी मेलेल्या माशांचा व्हिडिओ आला तर फॉरवर्ड करण्याआधी पाठवणाऱ्याला एक प्रश्न विचारा: "किती वाजताचा आहे?" उत्तर मिळालं, तर चौथ्या मुद्द्यातला अर्ज लगेच भरता येईल.